सुईचे खाते

सांगलीच्या पेठेतील एका हळद व्यापाऱ्याच्या घरी माडीवरच्या खोलीत गेली सत्तावीस वर्षे एक पेटी कापडाखाली झाकून ठेवलेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी पेठेत शिरले, खालच्या गोदामातील पोती भिजली, तेव्हाही ती पेटी कोरडीच राहिली. मात्र त्यानंतर कितीतरी दिवस घरभर साचून राहिलेल्या दमटपणाने तिला सोडले नाही. डिसेंबर २०२० मध्ये घरातील वडीलधारे, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणून ओळखत असे, निवर्तले. पुढे दोन महिन्यांनी मुंबईहून जुन्या वस्तूंचा एक खरेदीदार आला. इंग्लंडात बनलेले गॅरार्ड एसपी-२५ टर्नटेबल, मुंबईत जुळवून घेतलेला ॲम्प्लिफायर, दोन लाकडी स्पीकर आणि सुमारे दीडशे ध्वनिमुद्रिका या सर्वांचे मिळून त्याने बारा हजार रुपये सांगितले. थोरल्या चिरंजिवांना हा भाव वाजवी वाटला. वस्तू वापरात नाही, जागा अडते, आणि अण्णांनाही तिची गोडी उरली नव्हती, असा त्यांचा हिशेब होता.

पहिले दोन मुद्दे खरे होते. तिसरा चुकीचा आहे, हे ध्वनिमुद्रिकांच्या ढिगात सापडलेल्या एका वहीने सांगितले.

लाल कापडी बांधणीची, दुकानातल्यासारखीच ती वही होती. आत रोजमेळाऐवजी तारीख, ध्वनिमुद्रिकेचा क्रमांक, किती बाजू वाजवल्या आणि किती मिनिटे, असे रकाने होते. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज आणि पुढच्या पानावर ‘मागील बाकी’. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस अण्णांनी नियम लिहून ठेवला होता: हिऱ्याची सुई ५०० तास, नीलमाची ५० तास. ही वही संगीताच्या आवडीची नव्हती, सुईच्या झिजेची होती. १९७६ साली पहिले खाते उघडले, ते १९८२ मध्ये ५०० तासांवर बंद झाले. नवी सुई, नवे खाते. दुसरे १९८८ मध्ये बंद. तिसऱ्या खात्याची शेवटची नोंद १९९४ ची. बेरीज ५३७ तास आणि खाली एकच ओळ, ‘सुई उपलब्ध नाही. बंद.’

नियमापेक्षा सदतीस तास अधिक झाले, तेही बहुधा चुटपुट लागूनच. त्यानंतर दर रविवारी दुपारी ज्या खोलीत गाणे होत असे, ती खोली शांत झाली. मुलांना वाटले, अण्णा कॅसेटकडे वळले, मग टीव्हीकडे. खरे कारण असे की, झिजलेली सुई ध्वनिमुद्रिकेवर ठेवण्यापेक्षा न ऐकणे त्यांनी पत्करले होते. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. त्यांच्या पत्नीला, घरातल्या आक्कांना, मात्र ठाऊक होते. “ते म्हणायचे, आपल्या दोन घटकांच्या हौसेपायी तबकडी कायमची खराब करायची का?” इतकेच त्या म्हणाल्या.

अण्णांची ही सावधगिरी अनाठायी नव्हती. ध्वनिमुद्रिकेच्या पृष्ठावर बाहेरून आत जाणारी एकच अखंड खाच असते आणि तिच्या भिंतींवर आवाजाची नागमोडी वळणे कोरलेली असतात. स्टिरिओ ध्वनिमुद्रिका १९५८ च्या सुमारास बाजारात आल्या. त्यांच्यात खाचेच्या आतल्या भिंतीवर डावा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा आवाज, अशी विभागणी असते. सुईचे टोक या दोन भिंतींना टेकून धावते. वजन अवघे काही ग्रॅम असले, तरी टेकण्याची जागा इतकी सूक्ष्म असते की, त्या बिंदूवरचा दाब फार मोठा होतो. हिरा कठीण खरा, पण शेकडो तासांच्या घर्षणाने त्याचे गोल टोक दोन्ही बाजूंनी चपटे होते आणि त्या चपट्या भागांना धारदार कडा येतात. मग सुई वळणे वाचत नाही, ती छिलते. त्यातही पहिल्यांदा जातात ते तारस्वर आणि शब्दांतील ‘स’, ‘श’ यांची स्पष्टता. कान याला हळूहळू सरावतो, म्हणून नुकसान लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

वही सापडल्यावर थोरल्यांनी खरेदीदाराला थांबायला सांगितले. नकार मात्र दिला नाही. व्यापारी माणूस ग्राहकाला लगेच नकार देत नाही. आणि याच दिवसांत घरात एक अपघात घडला.

धाकट्या बंधूंचा मुलगा महाविद्यालयात शिकणारा, उत्साही. आजीला एखादी जुनी तबकडी ऐकवावी, या सद्हेतूने त्याने ढिगातून ७८ गतीची एक तबकडी काढली. तिच्यावर बुरशीचे पांढुरके ठिपके होते. त्या वर्षी कोणत्याही घरात जी वस्तू दाराशीच ठेवलेली असे, ती सॅनिटायझरची बाटली त्याने उचलली, तबकडीवर फवारली आणि मऊ फडक्याने पुसली. फडके काळे झाले. त्याला वाटले, मळ निघतो आहे. आणखी पुसल्यावर तबकडीची चकाकी जाऊन ती राखाडी, खरबरीत झाली, तेव्हा तो घाबरून थांबला. ती बालगंधर्वांची, ‘स्वयंवर’ नाटकातील पदांची तबकडी होती आणि ती अण्णांची नव्हती. आक्कांनी ती माहेराहून, मिरजेहून आणली होती.

मिरजेला तंबोरे-सतारी घडवणाऱ्या कोणत्याही कारागिराने त्याला क्षणात थांबवले असते. भोपळ्याला आणि दांडीला पॉलिश करण्यासाठी ते लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. आणि ७८ गतीच्या जुन्या तबकड्या प्लॅस्टिकच्या नसून लाखेच्या असतात. दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि हे सर्व धरून ठेवणारी लाख, असे ते मिश्रण. सॅनिटायझरमध्ये मुख्यतः अल्कोहोल असते. मुलाने मळ पुसला नव्हता, खाचाच विरघळवून फडक्यावर घेतल्या होत्या.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. लाख मिळते ती कुसुम, पळस, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किडीच्या स्रावापासून. श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अण्णांच्या पेढीवर हळदीखेरीज गूळ, मिरची, शेंगा आल्या तरी लाख कधी आली नाही. घरात मात्र ती चाळीसेक तबकड्यांच्या रूपाने सन्मानाने नांदत होती. विनायल नावाच्या प्लॅस्टिकच्या दीर्घवादन ध्वनिमुद्रिका अमेरिकेत १९४८ साली निघाल्या, आपल्याकडे त्या रुळायला आणखी बराच काळ लागला. तोपर्यंत, १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हापासून, हिंदुस्थानी संगीताचा जवळपास सारा ठेवा लाखेवर उतरला होता. तेव्हा घरात एखादी जड, टणक, पडल्यास काचेसारखी फुटणारी तबकडी असेल, तर तिला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यांपैकी काहीही लावू नये. ऊर्ध्वपातित पाण्यात हलके भिजवून पिळलेले मऊ कापड खाचेच्या दिशेने गोलाकार फिरवावे आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नये. मधल्या कागदी चकतीला पाणी लागू देऊ नये.

आक्का रागावल्या नाहीत. मुलगा रडवेला होऊन उभा होता. त्यांनी तबकडी हातात घेतली, बोटाने चाचपली, उलटवली आणि विचारले, “ह्या बाजूला लावलंस का रे?”

“नाही आजी. एकाच बाजूला.”

“मग ही बाजू नीट ठेव.”

यंत्र विकण्याचा विषय त्या दिवशी संपला. खरेदीदाराला नकार कळवण्याचे काम थोरल्यांनीच केले.

दुरुस्ती लगेच झाली नाही. टाळेबंदी आली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, आणि पावसाळ्यात असे काम हाती घेऊ नये, हे मेकॅनिकने स्वतःच सांगितले. हे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, रेडिओ दुरुस्तीत आयुष्य घालवलेले. सारे त्यांना मामा म्हणत. दिवाळीनंतर ते आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कुणी प्लग लावून बघितला का?” नाही असे उत्तर मिळाल्यावर त्यांना हायसे वाटले. कित्येक वर्षे बंद असलेले जुने उपकरण ‘चालते का पाहू’ म्हणून थेट विजेला जोडणे, ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ॲम्प्लिफायरमध्ये वीज साठवून ती स्थिर करणारे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्या आत द्रव असतो. तो वर्षांगणिक सुकतो, कपॅसिटर गळतात किंवा फुगतात. त्यांच्यावर एकदम पूर्ण दाब आला की, ते तर जातातच, सोबत ट्रान्झिस्टर आणि कधी ट्रान्सफॉर्मरही जातो.

मामांनी आपल्या थैलीतून लाकडी फळी काढली. तीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा. या ‘सिरीज बल्ब’वर दोन पिढ्यांचे रेडिओ मेकॅनिक जगले. उपकरण आणि वीज यांच्यामध्ये हा दिवा जोडला की, आत कुठे शॉर्ट असल्यास सगळा भार दिवा आपल्यावर घेतो आणि लख्ख पेटून राहतो; उपकरण वाचते. आत सर्व ठीक असल्यास दिवा क्षणभर पेटून मंद होतो. अण्णांच्या ॲम्प्लिफायरने दिवा पेटवला, तो मंद झालाच नाही. उघडून पाहता एका मोठ्या कपॅसिटरचे टोपण फुगलेले दिसले. दोन्ही बदलले, मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्टची मर्यादा मूळ मर्यादेहून कमी नाही, असे पाहून. पॉवर ट्रान्झिस्टर, भारतातील असंख्य ॲम्प्लिफायरांत आढळणारे ते टू-एन-३०५५, शाबूत होते. दुसऱ्या खेपेस दिवा पेटला आणि मंद झाला.

येथे एक इशारा आवश्यक आहे. प्लग काढल्यावरही या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. घरच्या मंडळींनी धूळ पुसावी, बटणे फिरवावीत, तारा तपासाव्यात. झाकण मात्र जाणत्यानेच उघडावे.

बटणे फिरवणे हासुद्धा एक उपचार आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. आवाज कमीजास्त करताना येणारी खरखर ही आतल्या कार्बनच्या पट्टीवर बसलेल्या धुळीची आणि गंजाची असते. वीज बंद ठेवून प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, तरी निम्मी खरखर जाते. उरलेल्यासाठी विजेच्या संपर्कांकरिता मिळणारा खास क्लीनर थेंबभर पुरतो.

स्पीकरची कथा वेगळी. जाळी काढताच पडद्याभोवतीची फोमची कडा, बोट लावताच, शिळ्या भाकरीच्या पोपड्यासारखी गळून पडली. फोमचा हा गुणधर्मच आहे. वापरा अथवा न वापरा, दमट हवेत काही वर्षांनी तो कुजतो. कागदाचा पडदा आणि आतील गुंडाळी चांगली असेल, तर स्पीकर फेकण्याचे कारण नाही. तेवढ्या मापाची नवी कडा मिळते आणि चिकटवता येते. गुंडाळी जिवंत आहे का, हे पाहण्याची मामांची रीत साधी होती. दीड व्होल्टचा एक सेल घेऊन त्याच्या दोन तारा स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवल्या. ‘टक्’ असा आवाज येऊन पडदा हलला. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावल्यास पडदा बाहेर येतो. आत गेल्यास तारा उलट जोडल्या आहेत असे समजावे. दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट असल्या, तर आवाज येतो, पण खर्ज हरवतो आणि गाणारा समोर बसल्यासारखा वाटत नाही. कित्येक घरांत वर्षानुवर्षे असेच ऐकले जाते.

टर्नटेबलकडे वळण्यापूर्वी त्याच्या कुळाविषयी दोन शब्द. गॅरार्ड हे नाव मूळचे जवाहिऱ्यांचे. लंडनच्या या पेढीला व्हिक्टोरिया राणीने १८४३ साली राजघराण्याचे जवाहीर नेमले. सांगलीत विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले तेही याच साली. पुढे १८५२ मध्ये कोहिनूर हिऱ्याला नव्याने पैलू पाडण्यात आले, ते याच पेढीच्या देखरेखीखाली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तोफखान्यासाठी अचूक यंत्रे बनवण्याकरिता या जवाहिऱ्यांनी एक अभियांत्रिकी कंपनी काढली. युद्ध संपल्यावर तिने ग्रामोफोनच्या चाव्या-मोटरी करायला घेतल्या आणि स्विंडन येथील तिच्या कारखान्यातून टर्नटेबले जगभर गेली. सोन्याचांदीचा व्यवसाय करणाऱ्या वाचकांना या वंशावळीत रस वाटावा. सुईच्या टोकाला हिरा असलेल्या यंत्राला हे कूळ शोभतेही.

एसपी-२५ ची रचना अशी की, मोटरच्या दांड्यावर पायऱ्या-पायऱ्यांची एक पितळी पुली असते. रबरी कडेचे एक चाक, ज्याला आयडलर म्हणतात, एकीकडे या पुलीला आणि दुसरीकडे थाळीच्या आतल्या कडेला टेकते आणि थाळी फिरवते. चाक कोणत्या पायरीवर टेकते, त्यावरून मिनिटाला ३३⅓, ४५ की ७८ फेरे हे ठरते. यात पट्टा नसल्याने ही यंत्रे दणकट. त्यांचे शत्रू दोन, वाळलेले ग्रीस आणि कडक झालेले रबर. अण्णांच्या यंत्राचे ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते, त्यामुळे शेवटी टोनआर्म आपोआप परत नेणारी यंत्रणा जागची हलेना. नवशिके अशा वेळी जोर लावतात आणि पातळ पत्र्याचे दुवे वाकवतात. मामांनी सारे सुटे भाग रॉकेलमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून, वाळवून मगच नवे ग्रीस लावले, तेही नखाच्या टोकावर मावेल एवढेच. मोटरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगांना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब दिले. आयडलरच्या कडेवर आणि पुलीवर तेलाचा अंशही राहू नये म्हणून ती दोन्ही स्पिरिटने पुसली. “इथे स्पिरिट चालतं, तिथे चालत नाही,” असे म्हणून त्यांनी नातवाकडे पाहिले आणि तो हसला. त्या अपघातानंतर या विषयावर तो प्रथमच हसला असावा.

आयडलरला एक खळगा पडला होता. यंत्र गतीच्या खटक्यावर ठेवूनच बंद केले की, रबर वर्षानुवर्षे एकाच जागी पुलीवर दाबले जाते. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्पीकरमधून ‘धप्’ असा दबका ठोका येतो. बारीक पॉलिशपेपरवर चाक फिरवत त्याची कडा घासल्यावर ठोका बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. मामांनी नव्या चाकाचा आग्रह धरला नाही. “ठुमरी ऐकताना जाणवेल, नाट्यगीताला चालेल,” असा निवाडा त्यांनी दिला. तो संगीताच्या जाणकारांना मान्य होईल असे नाही.

गती तपासण्याची पद्धत मात्र अतिशय देखणी. नातवाने कागदाची एक चकती छापून आणली, तिच्या कडेला समान अंतरावर १८० काळ्या रेघा. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश तिच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मिनिटाला ६,००० लुकलुकी, भागिले ३३⅓, बरोबर १८०. थाळी अचूक गतीने फिरत असेल, तर त्या प्रकाशात फिरणाऱ्या रेघा स्थिर उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर गती जास्त, मागे सरकल्या तर कमी. ७८ गतीसाठी हा भागाकार नि:शेष जात नाही, म्हणून ७७ रेघांची चकती वापरतात आणि खरी गती ७७.९२ येते, कानाला हा फरक कळत नाही. अडचण एवढीच आली की, घरात सगळीकडे एलईडी दिवे, आणि ते बहुधा असे लुकलुकत नाहीत. अखेर गोदामातून चोकसह एक जुनी ट्यूबलाइट काढून आणली गेली. पुरात भिजूनही ती पेटली.

याच गणितामुळे परदेशातील नातेवाइकांकडून आणलेली यंत्रे पुष्कळदा फसवतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. तिथले जुने टर्नटेबल इथे आणून ट्रान्सफॉर्मर लावला की, व्होल्टचा प्रश्न सुटतो, हर्ट्झचा सुटत नाही. विजेच्या वारंवारतेवर चालणारी मोटर मग सहाव्या हिश्श्याने मंद धावते, ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे होतात आणि लतादीदींचा आवाज ओळखू येईनासा होतो. उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली. इंग्लंडहून आलेल्या यंत्राला हा त्रास नाही, कारण तिकडची वारंवारता आपलीच.

सर्व जुळवून चाचणीसाठी एक टाकाऊ ध्वनिमुद्रिका लावली, तर डावा स्पीकर मुका. दोष कुठे हे शोधण्यासाठी मामांनी कोणतेही मीटर काढले नाही. टर्नटेबलकडून ॲम्प्लिफायरकडे येणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली. आता उजवा स्पीकर मुका झाला. म्हणजे दोष तारांबरोबर फिरला, तो ॲम्प्लिफायरमध्ये वा स्पीकरमध्ये नसून टर्नटेबलच्या बाजूला आहे. दोष जागीच राहिला असता, तर उलट. ही युक्ती कोणत्याही घरी, कोणत्याही उपकरणावर, वीज बंद करून करता येते. टोनआर्मच्या टोकाशी असलेल्या बारीक पितळी क्लिपा काळवंडल्या होत्या. पेन्सिलीच्या खोडरबराने त्या घासल्या आणि डावा आवाज परत आला, पण क्षीण. सिरॅमिक कार्ट्रिजमधले रबर कडक झाले होते. कार्ट्रिजच बदलणे भाग होते, आणि सुई तर बदलायचीच होती.

इथे घरात मतभेद झाले. धाकट्यांचे म्हणणे, एवढे करतो आहोत तर आधुनिक चुंबकीय कार्ट्रिज बसवावे, आवाज अधिक चांगला. म्हणणे चूक नव्हते. पण चुंबकीय कार्ट्रिज जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते, तर सिरॅमिक त्याच्या कित्येक पट. शिवाय ध्वनिमुद्रिका कोरताना खर्ज मुद्दाम कमी आणि तारस्वर मुद्दाम वाढवलेले असतात, नाहीतर खाच फार रुंद होईल आणि खरखर वरचढ ठरेल. याचे प्रमाण १९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण व्यावसायिकांच्या संघटनेने ठरवून दिले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. वाजवताना ही उलटापालट सरळ करणारा फोनो प्रीॲम्प्लिफायर चुंबकीय कार्ट्रिजला लागतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि पातळ येतो. आणि पुष्कळ लोक या टप्प्यावर ‘जुन्या यंत्रात दम नाही’ असा निष्कर्ष काढतात. अण्णांच्या ॲम्प्लिफायरला सिरॅमिकचीच सोय होती. निर्णय थोरल्यांनी दिला: जसे होते तसेच ठेवावे. तसे सिरॅमिक कार्ट्रिज मुंबईहून मागवले. त्याच्या सुईला दोन टोके. एक छोटी खुंटी फिरवली की, दीर्घवादनासाठी हिऱ्याचे बारीक टोक खाली येते आणि ७८ साठी नीलमाचे जाडसर. ७८ ची खाच जवळपास तिप्पट रुंद, बारीक टोक तिच्या तळाशी जाऊन घासते. म्हणून ही काळजी.

सुईचे वजन मोजायला सराफ नातेवाइकांकडून खिशातला डिजिटल काटा आला. टोनआर्मचे वजन मागेपुढे करत, सुई काट्याच्या मध्यावर अलगद टेकवून, कार्ट्रिजसोबतच्या कागदात सांगितल्याप्रमाणे चार ग्रॅम जमवले. कमी वजन म्हणजे कमी झीज, हा गैरसमज आहे. वजन फारच कमी झाले, तर सुई खाचेत उसळते आणि भिंतींवर आपटते. त्याने होणारे नुकसान थोड्या जास्त वजनापेक्षा वाईट.

दीर्घवादन ध्वनिमुद्रिका धुण्याचे काम नातवाने आपणहून अंगावर घेतले. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, मग निव्वळ पाण्याने धुऊन सावलीत उभ्या वाळवणे. बुरशी लागलेली आतली कागदी पाकिटे टाकून नवी घातली. कपाटात त्या आता पुस्तकांसारख्या उभ्या आहेत. आडव्या एकावर एक रचल्या, की खालच्या वाकतात. उन्हाजवळ ठेवल्या, तर पापडासारख्या होतात. एकंदर खर्च चौदा हजार तीनशे रुपये झाला. “विकून बारा येत होते, ठेवून चौदा गेले,” असे थोरले म्हणाले. पण बिलांची फाइल त्यांनी पेढीच्या कपाटात ठेवली, घरच्या खर्चात नाही.

जानेवारी २०२२ मधल्या एका रविवारी दुपारी खोलीत सर्व जमले. गोदामातली ट्यूबलाइट अजून तिथेच टांगलेली होती; ७७ रेघांची चकती स्थिर दिसल्यावर ती उचलली. नातवाने सुईची खुंटी ७८ कडे फिरवली आणि आजीची तबकडी लावली, खराब बाजू खाली. आयडलरचा ठोका आला, थोडी खरखर आली आणि तिच्यातून बालगंधर्वांचा स्वर वर आला. तीन मिनिटांचा अवधी. आक्का खुर्चीत ताठ बसून होत्या, पदर खांद्यावरून नीट घेतलेला, जणू कोणी पाहुणे आले आहेत. बाजू संपल्यावर टोनआर्म आपोआप उचलला गेला आणि परत जागेवर गेला.

“पुन्हा लावू का, आजी?”

“नको. वही आण.”

लाल वहीत नव्या पानावर नातवाने तारीख घातली आणि लिहिले: ७८, एक बाजू, ३ मिनिटे. थोरले मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी वही हातातून घेतली. नीलम आणि हिरा यांची खाती अण्णा वेगवेगळी ठेवत असत, एका पानावर दोन्ही मांडली तर वर्षअखेरीस बेरीज जुळणार नाही, असे सांगून त्यांनी पट्टी मागवली आणि समोरच्या पानावर दुसऱ्या खात्याचे रकाने आखायला घेतले.